मोजदाद

रात्री साडेनऊला टॉर्च काखेत धरून मी बागेत उतरते.
एका हातात चिमटा, एका हातात बादली.
वालदेवीकडून ओला वारा येतो,
आणि झेंडूच्या वाफ्यात
कुणीतरी सावकाश, अगदी सावकाश
जेवत असतं.

एकतीस वर्षं नोटा मोजल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये.
बोटं अजून तशीच चालतात:
अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास,
अंगठा ओला, पुन्हा एक.
पानावरून भिंतीपर्यंत गेलेली चंदेरी रेघ
मी टॉर्चखाली तिरपी करून पाहते,
तार बघायचो तशी.
खरी आहे.

जेलरोडच्या नर्सरीतला दगू गांगुर्डे म्हणाला,
गोणपाट भिजवा, वर गुळाचं पाणी शिंपडा,
संध्याकाळी अंथरा, सकाळी उलटा.
गोडाला नाही कोण म्हणतं, मावशी?
उलटलं. त्रेसष्ट.
कोठावदे वहिनी म्हणाल्या, चुना.
चुन्याची रेघ एका सरीत वाहून गेली.
मग अंड्यांची टरफलं आणली गाडीवाल्याकडून,
वाळवून, कुटून, कुंड्यांभोवती पसरली.
वहिनींचा चातुर्मास होता.
त्या काही बोलल्या नाहीत,
फक्त त्यांच्या बाजूची खिडकी
आठ दिवस बंद राहिली.

मीठ मी एकदाच टाकलं.
बिनशंखाची होती, करंगळीएवढी,
पालकाच्या देठाला धरून.
फेस आला.
ती आपल्याच आत शिरायला बघत होती
आणि तिला शिरायला घर नव्हतं.
त्या रात्री मी वरण अळणीच खाल्लं.
एकटीच तर जेवते,
कोण विचारणार?

गोगलगाय न् पोटात पाय
असं मला सेक्शनमध्ये म्हणायचे,
कमी बोलायची म्हणून.
संपाच्या कागदावर पहिली सही माझी दिसली
तेव्हा सगळ्यांनी वाकून
पाय शोधले.

मारायचं नाही तर टाकायचं कुठे?
भिंतीपलीकडे मोकळा प्लॉट आहे,
गाजरगवत, विटांचे तुकडे, बिल्डरचा फाटका फ्लेक्स.
बादली तिथे रिकामी करायची मी.
कोठावद्यांची अन्विता कठड्यावर बसून बघायची.
काकू, त्या परत येतात.
भिंत चढून?
पैज. दहा रुपये.
तिच्या आईच्या गुलाबी नेलपॉलिशनं
आम्ही शंखांवर नंबर घातले.
सिरीज मी ठरवली, अक्षर तिनं काढलं:
क ००१ ते क ०४०.
ओला रंग वाळेपर्यंत त्या शिंगं आत घेऊन
टोकन घेतलेल्या माणसांसारख्या
थांबून राहिल्या.

रविवारी सोडल्या.
बुधवारी नवीन अकरा, बिननंबरच्या.
गुरुवारी पाऊस.
शनिवारी पहाटे जरबेऱ्याच्या कुंडीच्या कडेला
क ०१४.

मी चिमटा खाली ठेवला.
तळहातावर घेतली तर गार,
आणि आख्खं पोट पाय होऊन
माझ्या आयुष्यरेषेवरून निघालं,
घाई नाही, माफी नाही.

किती नोटा गेल्या या बोटांखालून.
भाजीवालीकडे, एसटीत, बँकेच्या खिडकीत
मी नंबर वाचत आले इतकी वर्षं.
एकही कधी
ओळखीची म्हणून परत भेटली नाही.

जरबेऱ्याची पाच पानं गेली होती.
वहीत लिहिलं: क ०१४, परत. पाने ५.
मग कोबीचं वरचं पान सोललं,
तसंही फेकणारच होते,
आणि भिंतीपलीकडे विटेखाली ठेवलं,
तिच्यासकट.
उद्या येईलच.

संध्याकाळी अन्विताला दहाची नोट दिली.
तिनं घडी उलगडली,
एक डोळा मिटला
आणि दिव्यासमोर धरून पाहिली.